राहिलेल्या कामांचा क्रम

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेत मजसारख्या गणिताच्या मास्तराला बोलावण्याचे धाडस आपण केलेत, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. विषय निवडण्याची मोकळीक चिटणीसांनी मला दिली होती. मी निवडलेला विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. कामे पुष्कळ आहेत, हात थोडे आहेत. तर कोणते काम आधी करावे? एवढाच तो प्रश्न. घर चालविणाऱ्या गृहिणीपासून राज्य चालविणाऱ्या मंत्र्यापर्यंत तो कोणालाही चुकलेला नाही. तथापि त्याचे उत्तर काढण्याची एक रीतसर पद्धत आहे आणि संगणकाची सॉफ्टवेअरे तयार करणाऱ्या मंडळींनी ती आपल्या धंद्यात चांगली घोटून घेतली आहे. तिची ओळख आपणास यथामति करून द्यावी, असा माझा विचार आहे.

आम्हां बेळगावकरांची मुले शिकून बाहेर पडली की एक गाडी पुण्याकडे जाते आणि दुसरी बंगळूरकडे. दोन्हीकडे त्यांतली पुष्कळ मुले याच धंद्यात असतात. गेल्या ईदला माझे काही जुने विद्यार्थी शीरखुर्मा प्यायला घरी आले होते. त्यांतला एक जण शाळांच्या फीचे आणि हजेरीचे सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत आहे. मी सहज विचारले, “काय रे, काम कसे चालले आहे?” तो म्हणाला, “सर, बॅकलॉगमध्ये सहाशे कामे पडली आहेत.” हे ऐकून माझ्या आईच्या हातातील वाटी थबकली. तिला वाटले, नातवासारखा हा पोरगा सहाशे विषयांत नापास झाला! (हशा)

आईचा दोष नाही. अभियांत्रिकीचे विद्यार्थी बॅकलॉग म्हणतात तो राहिलेल्या विषयांना. मराठीत याला ‘अनुशेष’ हा चांगला शब्द आहे. महाराष्ट्र सरकारने १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणारी समिती नेमली होती. तिच्या अहवालावरील चर्चेतून हा शब्द वृत्तपत्रे वाचणाऱ्या घराघरांत परिचयाचा झाला. पण या दोन्ही अर्थांत दोषाची छटा आहे. जे व्हायला हवे होते ते झाले नाही, असा तो ठपका आहे. सॉफ्टवेअरवाल्यांचा बॅकलॉग तसा नव्हे. ग्राहकाने मागितलेली सोय, सापडलेली चूक, कोणाला सुचलेली सुधारणा, असे जे जे करता येण्याजोगे आहे त्या सर्वांची ती एकच यादी असते. ती कधीही संपत नाही आणि संपावी अशी अपेक्षाही नसते. प्रश्न एवढाच असतो की, तिच्या शिरोभागी आज काय असावे?

सामान्यतः हा क्रम कसा लागतो, ते आपण सारे जाणतो. एक रीत म्हणजे जो आधी आला त्याचे आधी. दुसरी, बळी तो कान पिळी. तिसरी, रडल्याशिवाय आई पाजत नाही, म्हणून जो मोठ्याने रडेल त्याचे आधी. आणि चौथी रीत सर्वांत घातक: सगळीच कामे एकदम हाती घ्यावयाची, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. ‘आधी लगीन कोंढाण्याचे, मग रायबाचे’ हे तानाजीचे वचन आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. परंतु सभेत बसले म्हणजे असे आढळते की प्रत्येक जण आपल्या रायबालाच कोंढाणा म्हणत असतो.

केन श्वाबर आणि जेफ सदरलँड या दोघा अमेरिकनांनी १९९५ साली ‘स्क्रम’ नावाची कार्यपद्धती एका परिषदेत मांडली. आज जगभर सॉफ्टवेअरच्या कंपन्यांतून ती वापरली जाते. २०१० सालापासून ते तिची एक छोटी मार्गदर्शिका प्रसिद्ध करीत आले. तिच्या २०११ च्या आवृत्तीत एक लहानसा पण मार्मिक बदल झाला. आधी बॅकलॉग ‘अग्रक्रम दिलेला’ असावा असे म्हटले जाई. त्याऐवजी तो ‘क्रमाने लावलेला’ असावा असा शब्द आला. दोहोंत फरक तो काय, असे आपण म्हणाल. फरक हा की अग्रक्रम दहा कामांना देता येतो. दहा कागदांवर ‘तातडीचे’ असा शिक्का मारता येतो. क्रमात मात्र पहिला नंबर एकालाच मिळतो. वर्गात पहिला नंबर दहा जणांना वाटून देणारा मास्तर कोणालाच पहिला करीत नाही.

आता क्रम लावण्याचा नियम पाहू. तो असा: कामापासून होणारा लाभ भागिले त्या कामाला लागणारे श्रम. भागाकार ज्याचा मोठा, ते काम आधी. नुसता लाभ पाहू नये आणि नुसती सोयही पाहू नये. हे मी फळ्यावर मांडून दाखवतो.

माझ्या विद्यार्थ्याच्या कंपनीसारखी एक लहान तुकडी समजा. तिच्यापुढे तीन कामे आहेत. पहिले, पालकांसाठी मोबाईलवरचे नवे ॲप. त्याला ८ आठवडे लागतील, आणि ते सुरू झाले की दर आठवड्याला ८०० रुपयांचा लाभ होईल. दुसरे, फीची पावती मराठीत निघण्याची सोय. २ आठवड्यांचे काम, दर आठवड्याला ६०० रुपये. तिसरे, हजेरीच्या बेरजेतील एक चूक, जिच्यापायी कारकुनांना सारा हिशेब पुन्हा हाताने करावा लागतो. १ आठवड्याचे काम, दर आठवड्याला ४०० रुपये. आकडे माझ्या मनचे आहेत, हिशेब मात्र खरा आहे.

लाभ मोठा ते आधी, या न्यायाने चालल्यास ॲप आठव्या आठवड्याच्या अखेरीस होईल, पावती दहाव्या, आणि चुकीची दुरुस्ती अकराव्या. तोवर जो लाभ बुडाला तो मोजा. ॲपचे ६,४००, पावतीचे ६,०००, दुरुस्तीचे ४,४००. एकूण १६,८०० रुपये. आता भागाकार करा. ॲपचा येतो १००, पावतीचा ३००, दुरुस्तीचा ४००. त्या क्रमाने चला. दुरुस्ती पहिल्या आठवड्यात होईल, बुडाले ४००. पावती तिसऱ्यात होईल, बुडाले १,८००. ॲप अकराव्यात होईल, बुडाले ८,८००. एकूण ११,०००. माणसे तीच, कामे तीच, आठवडेही तेच अकरा. केवळ क्रम बदलला आणि ५,८०० रुपये वाचले.

कोणी म्हणेल, मग सरळ सांगा की लहान काम आधी करावे. तसे नव्हे. याच यादीत चौथे काम घाला: मुखपृष्ठाचा रंग बदलणे. १ आठवड्याचे काम, लाभ आठवड्याला ५० रुपये. काम लहान आणि हौशीचे, म्हणून ते आधी केले तर एकूण १२,८५० रुपये बुडतात. शेवटी केले तर ११,६००. त्याचा भागाकार अवघा ५० आहे; आठ आठवड्यांच्या ॲपच्याही मागे त्याची जागा. आपली निम्मी रंगरंगोटी या जातीची असते. ती लवकर उरकते, दिसते छान, आणि तिच्यामागे उभे असलेले सारे एक आठवडा अधिक तिष्ठतात.

हा नियम केवळ अनुभवाचा नाही, तो सिद्ध झालेला आहे. डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी १९५६ साली कारखान्यातील यंत्रावरच्या कामांचा क्रम लावताना तो मांडला. सिद्धता आठवीच्या मुलाला समजेल इतकी सोपी आहे. यादीतील कोणतीही दोन शेजारची कामे घ्या आणि त्यांची अदलाबदल करा. बाकीच्या कामांना काहीच फरक पडत नाही. त्यांच्या वेळा त्याच राहतात. मागे गेलेले काम पुढच्याच्या श्रमाइतका काळ थांबते. म्हणून पहिल्याचे श्रम गुणिले दुसऱ्याचा लाभ, आणि दुसऱ्याचे श्रम गुणिले पहिल्याचा लाभ, या दोन गुणाकारांची तुलना करावयाची. तिरकस गुणाकार करून पाहिले की ती तुलना त्या दोन भागाकारांचीच निघते. अशा अदलाबदली करीत गेल्यास शेवटी यादी आपोआप भागाकाराच्या उतरत्या क्रमाने लागते. यात मला गणिताच्या सौंदर्यापेक्षा एक निराळीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. या हिशेबाने वाट पाहणाऱ्याला किंमत दिली आहे. काम यादीत पडून राहते तेव्हा कोठेतरी कोणीतरी थांबलेले असते, आणि त्या थांबण्याची रोज भरपाई द्यावी लागते, हे या हिशेबाचे मूळ गृहीत आहे.

नियम सोपा आहे. अवघड आहे ते अंश आणि छेद ठरवणे. लाभ किती आणि श्रम किती, हे सांगायचे कोणी?

श्रमांविषयी आधी बोलतो. ते ज्याने काम करावयाचे त्यानेच सांगावेत, असा स्क्रममध्ये दंडक आहे. आचाऱ्याला न विचारता जेवणाची वेळ छापू नये. शिवाय ही मंडळी दिवस न मोजता तुलना करतात. साध्या खिचडीला दोन गुण धरले, तर बिर्याणीला किती? माणूस प्रत्यक्ष तास सांगताना फसतो, पण ‘याच्या चौपट’ हे बऱ्यापैकी सांगू शकतो. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ साली यासाठी पत्त्यांची एक युक्ती काढली. प्रत्येकाच्या हाती १, 2, ३, ५, ८, १३ अशा आकड्यांचे पत्ते असतात. काम वाचून दाखवतात, प्रत्येक जण मनाशी ठरवून पत्ता पालथा ठेवतो आणि सारे एकदम उलटतात. ज्याचा आकडा सर्वांत लहान आणि ज्याचा सर्वांत मोठा, त्या दोघांनी कारणे सांगावयाची. पुष्कळदा त्या एकट्यालाच अशी एखादी अडचण ठाऊक असते, जी बाकीच्यांच्या ध्यानातही आलेली नसते.

पत्ते पालथे का? कारण पहिला बोललेला आकडा इतरांच्या मनाला दावे लावतो. अमोस ट्वर्स्की आणि डॅनिएल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर एक चक्र फिरवीत. ते १० वर किंवा ६५ वरच थांबेल अशी योजना केलेली होती. मग विचारीत, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचे प्रमाण शेकडा किती? चक्राचा आणि उत्तराचा काडीइतका संबंध नाही. तरी १० पाहिलेल्यांचे मधले उत्तर २५ आले, आणि ६५ पाहिलेल्यांचे ४५. चाकाच्या आकड्याने जर एवढे होते, तर सभेत अध्यक्षांनी प्रथम उच्चारलेल्या आकड्याने काय होत असेल, याची कल्पना करावी. अध्यक्षमहाराजांनी क्षमा करावी. (हशा)

परंतु पालथ्या पत्त्यांनीही एक रोग बरा होत नाही; तो म्हणजे आशावाद. काहनेमन यांनी स्वतःचीच गोष्ट सांगितली आहे आणि ती आम्हां शिक्षकांनी भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. इस्रायलमधील माध्यमिक शाळांसाठी विचार आणि निर्णय या विषयाचे एक क्रमिक पुस्तक तयार करणाऱ्या गटात ते होते. एके दिवशी त्यांनी प्रत्येकाला चिठ्ठीवर गुपचूप लिहावयास सांगितले: पुस्तक पुरे व्हायला किती काळ लागेल? सर्वांची उत्तरे दीड ते अडीच वर्षांच्या आत आली. मग त्यांनी गटातील अभ्यासक्रमतज्ज्ञ सीमोर फॉक्स यांना विचारले, अशाच इतर गटांना किती काळ लागला होता? फॉक्स ओशाळले. ते म्हणाले, सुमारे ४० टक्के गटांचे काम पुरेच झाले नाही. ज्यांचे झाले त्यांना सात वर्षांहून कमी लागली नाहीत. हे ऐकूनही गटाने काम तसेच पुढे चालू ठेवले. पुस्तक पुरे झाले ते आठ वर्षांनी. तोवर शिक्षणखात्याचा उत्साह मावळला होता, आणि ते पुस्तक वापरलेच गेले नाही. म्हणून श्रमांचा अंदाज बांधताना ‘आम्हांला किती लागेल?’ यापेक्षा ‘असल्या कामाला आजवर किती लागले?’ हे जुनी दप्तरे काढून विचारावे.

आता लाभ. तो कोणी सांगावा? जो ती वस्तू वापरणार त्याने. ज्याचे जळते त्याला कळते. येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या दुरुस्ती-समितीचा मी चिटणीस होतो. आमच्या यादीत ३१ कामे होती. सुवाच्य अक्षरात ती मीच लिहिली होती. शिरोभागी प्रवेशद्वाराची कमान आणि दर्शनी भिंतीचा रंग. तेविसावे काम होते मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी. ते काम करू नये, असे कोणीच म्हणाले नाही. प्रत्येक सभेत मी ते वाचत असे, आणि प्रत्येक सभेत ‘पुढील बैठकीत घेऊ’ असे ठरत असे. असे दोन पावसाळे गेले. मुली दोघीदोघींनी जात. एक आत, एक बाहेर दार धरून. काही मुली दिवसभर पाणीच पीत नसत. हे मला ठाऊक नव्हते. समितीत आम्ही सात जण होतो, सातही पुरुष. ती सोय आमच्यापैकी कोणी वापरत नव्हते.

आठवीतील एक मुलगी यायची बंद झाली. वर्गात हुशार होती. बीजगणितात तिचे उत्तर चुकले तर मी आधी माझेच तपासून पाहत असे. पुढे बाजारात तिची आई माझ्या पत्नीला भेटली आणि म्हणाली, “भाभी, सरांना सांगू नका, पण एकदा कुणीतरी बाहेरून दार ढकललं. पोरगी शाळेचं नावच काढत नाही.” पत्नीने घरी आल्यावर मला सांगितले. मी दुसऱ्या दिवशी सकाळी कडी आणली आणि स्वतः बसवली. कडीला शंभर रुपये लागले आणि मला पाव तास लागला.

ती मुलगी परत आली नाही. तिने शाळा सोडली ती केवळ त्या कडीपायी, असे मी म्हणणार नाही. घरी इतरही अडचणी होत्या. पण त्या अडचणींपर्यंत माझा हात पोचत नव्हता, कडीपर्यंत पोचत होता. मी गणिताचा शिक्षक. पाव तासाच्या छेदावर केवढा मोठा अंश होता, हे मला दोन वर्षे दिसले नाही. भागाकार चुकला नव्हता. आम्ही अंश मांडणाऱ्यांना सभेला बोलावलेच नव्हते.

या नियमाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाही तर मी अर्धेच सांगितल्यासारखे होईल. काही कामे भागाकाराच्या वरची असतात. वर्गातील विजेची तार उघडी पडली असेल तर तेथे लाभ आणि श्रम यांचा काथ्याकूट करू नये; ती आजच झाकावी. काही कामे दुसऱ्या कामांचा पाया असतात. पायाचा स्वतःचा लाभ शून्य दिसतो, म्हणून त्याच्यावर उभ्या राहणाऱ्या भिंतींचा लाभ त्याच्याच खाती धरावा लागतो. आणखी एक धोका असा की, लहान लहान कामे रोज येत राहतात आणि मोठे काम जन्मभर मागेच राहते. त्यावर उपाय म्हणजे मोठ्या कामाचे असे तुकडे पाडावेत की पहिला तुकडाही स्वतंत्रपणे कोणाच्या तरी उपयोगी पडेल. ॲप पुरे होण्याची वाट न पाहता, मूल शाळेत पोचले एवढा निरोप पालकांना मिळू लागला, तरी तो पहिला तुकडा झाला.

शेवटची गोष्ट ‘नाही’ म्हणण्याची. स्क्रमच्या मार्गदर्शिकेत क्रम लावण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर टाकली आहे, आणि ती व्यक्ती एक असावी, समिती नसावी, असे स्पष्ट म्हटले आहे. त्या व्यक्तीने सर्वांचे ऐकावे, पण क्रमाचे उत्तरदायित्व तिचे एकटीचे. ‘पुढील बैठकीत घेऊ’ हे समितीचे उत्तर आहे. ते ऐकायला सौम्य वाटते, पण विचारणाऱ्याला ते ना होकार देते ना नकार. तो बिचारा ताटकळत राहतो. त्यापेक्षा ‘हे काम आम्ही यंदा करणार नाही’ असे ज्याने स्पष्ट सांगितले, त्याने निदान समोरच्याला दुसरी वाट शोधायला मोकळे केले.

असो. वेळ बराच झाला. आपल्या संस्थेला पन्नास वर्षे झाली; म्हणजे आपलीही यादी लहान नसणार. तिच्यातील काय आधी करावे, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. एक विनंती मात्र करतो. पुढील सभेत यादी वाचाल तेव्हा एकदा ती खालून वर वाचावी. अगदी तळाशी जे काम असेल, त्यासाठी कोण थांबले आहे, हे नावानिशी विचारावे; आणि शक्य असेल तर त्यालाच सभेला बोलावून घ्यावे.